मोटारीचा टप आणि इतिहासाचे साधन : अमेरिकन 'कस्टम' गाडीविषयी एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपली दृष्टी सामान्यतः कागदपत्रे, शिलालेख, नाणी व वास्तू यांवर स्थिरावलेली असते. विसाव्या शतकाच्या अभ्यासकाला मात्र यंत्राने निर्माण झालेल्या आणि पुढे माणसाने स्वतःच्या हाताने पालटलेल्या वस्तूंकडेही साधन म्हणून पाहावे लागते. अशा वस्तूंच्या बाबतीत 'मूळ' कशाला म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित, किंबहुना प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. अमेरिकेतील जुन्या 'कस्टम' मोटारगाडीचा टप उतरवावा की नाही, हा निर्णय म्हणजेच ते उदाहरण होय.

प्रारंभी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचा पत्रा कापून, जोडून व घडवून तिची बाह्य आकृती मालकाच्या अभिरुचीनुसार पालटली, म्हणजे ती 'कस्टम' गाडी होते. 'टप उतरविणे', अमेरिकन कारागिरांच्या बोलीत 'चॉप', म्हणजे खिडक्यांच्या दरम्यान टप तोलून धरणाऱ्या खांबांचा काही इंचांचा तुकडा कापून काढणे आणि टप तेवढा खाली आणून पुन्हा जोडणे. गाडी बुटकी करण्याचे अन्य मार्गही या कारागिरांना अवगत होते. स्प्रिंगा बदलून संपूर्ण गाडी जमिनीजवळ आणता येते. बॉडी चासीवर खाली बसविता येते, यास 'चॅनेल' म्हणतात. अथवा बॉडीच्या मधल्या भागातून सभोवार एक आडवी पट्टी कापून काढता येते, यास 'सेक्शन' म्हणतात. या सर्वांत टप उतरविण्याची क्रिया सर्वाधिक परिचित आहे, आणि केलेली क्रिया परत फिरविण्याच्या दृष्टीने ती अत्यंत दुर्घट क्रियांपैकी एक आहे.

आता प्रश्न असा. १९४९ च्या सुमाराची एखादी गाडी आहे. पन्नासच्या दशकात कोणा तरुणाने तिची दारांची मुठी, बॉनेटवरील चिन्हे इत्यादी काढून टाकली, दिवे बदलले, गाडी जमिनीजवळ आणली. परंतु टपास हात लावला नाही. आज सत्तर वर्षांनंतर ती दुसऱ्याच्या मालकीची झाली आहे. टप उतरविल्यावाचून गाडीचे रूप अपुरे आहे, असे नव्या मालकास वाटते. त्याने टप उतरवावा काय? प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, या प्रश्नाचे उत्तर अभिरुचीच्या प्रांतात शोधून मिळणार नाही. एकच क्रिया १९५० साली साधन निर्माण करीत होती आणि आज ती साधन नष्ट करू शकते. म्हणून ती क्रिया कोणत्या गाडीवर व कोणत्या काळी होत आहे, यावरूनच तिचा निवाडा केला पाहिजे.

२. वेगाचा हेतू

टप उतरविण्याच्या प्रथेचे एक मूळ वेगाच्या स्पर्धांत आढळते. दक्षिण कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज यांसारखी सुकलेल्या सरोवरांची विस्तीर्ण सपाट पात्रे आहेत. तेथे तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या घेऊन ताशी वेगाची परीक्षा करीत. १९३७ साली स्थापन झालेल्या 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' या संस्थेने या धावांना शिस्त व नियम लावून दिले. १९४९ पासून यूटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर 'स्पीड वीक' भरू लागला.

या तरुणांच्या हाती आलेले द्रव्य म्हणजे प्रामुख्याने फोर्ड कंपनीची १९२७ अखेर ते १९३१ पर्यंत निघालेली 'मॉडेल ए' आणि १९३२ साली आलेली आठ सिलिंडरांची 'व्ही-एट' गाडी. या गाड्या लक्षावधींनी निघाल्या होत्या आणि काही वर्षांतच जुन्या बाजारात अल्प किमतीस मिळू लागल्या होत्या. त्यांचे टप उंच व काचा जवळजवळ उभ्या असत. अर्थात वाऱ्यासमोर त्यांचा देह भिंतीसारखा उभा राहत असे.

हवेचा विरोध गाडीच्या समोरील क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हे ध्यानात घेता टप उतरविल्याने काय साधत असेल, याचा ढोबळ हिशेब करता येतो. समजा, गाडीचे समोरील क्षेत्रफळ २५ चौरस फूट आहे आणि ४ फूट रुंदीचा टप ४ इंचांनी उतरविला. क्षेत्रफळात सुमारे १.३ चौरस फुटांची, म्हणजे शेकडा ५ च्या आसपास घट होते. इंजिनाची शक्ती तीच ठेवली आणि अन्य सर्व गोष्टी समान मानल्या, तर वेगात शेकडा २ हूनही कमी वाढ होईल. ताशी १०० मैलांची गाडी १०२ मैलांच्याही आत राहील. विक्रमासाठी धडपडणाऱ्यास ही वाढ मोलाची खरी. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीस तिचा काडीइतकाही उपयोग नाही.

सरोवरांवरील गाड्यांत टप अधिक धाडसाने उतरविला जाई. प्रारंभी या स्पर्धांत उघड्या रोडस्टर गाड्यांचेच प्राबल्य होते. बंद कूपे गाड्यांना दुसऱ्या महायुद्धानंतर 'रसेटा टायमिंग असोसिएशन' सारख्या संस्थांनी स्थान दिले. पीअरसन बंधूंची १९३४ ची फोर्ड कूपे हे या वर्गाचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. तिचा टप इतका खाली आणलेला आणि पुढची काच इतकी मागे कललेली आहे की, खिडक्यांच्या जागी केवळ फटी उरल्यासारख्या दिसतात. जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालेल्या 'हॉट रॉड' मासिकाच्या एप्रिल १९५० च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ही गाडी झळकली. या गाडीच्या बाबतीत टप का उतरविला, हे विचारण्याचे कारण पडत नाही. तिचे संपूर्ण रूप त्या एका हेतूचीच साक्ष देते.

३. रूपाचा हेतू

परंतु ज्या गाड्यांना 'कस्टम' हे नाव विशेषत्वाने लावले जाते, त्या सरोवरांवर धावण्यासाठी घडविलेल्या नव्हत्या. त्या शहराच्या रस्त्यांवरून सावकाश चालविण्यासाठी आणि पाहिल्या जाण्यासाठी घडविल्या होत्या. तेथे टप उतरविण्याचे कारण वेगात नसून वेगाच्या आभासात शोधले पाहिजे. टप खाली आला की बॉडी लांब भासते, खिडक्यांची पट्टी अरुंद होते आणि उभी गाडीही पुढे झेपावल्यासारखी दिसते.

या परंपरेच्या आरंभकाळात सॅक्रामेंटो येथील हॅरी वेस्टरगार्ड या कारागिराचे नाव अग्रक्रमाने येते. त्याच्या सहवासात जॉर्ज बॅरिस या तरुणाने पत्राकामाचे धडे घेतले. पुढे जॉर्ज व त्याचा वडील बंधू सॅम यांनी लॉस एंजेलिस परिसरात जो कारखाना चालविला, तो या कलेचे प्रमुख केंद्र ठरला. उघड्या गाड्यांसाठी लॉस एंजेलिस येथील 'कार्सन टॉप शॉप' ने तीसच्या दशकात वेगळा मार्ग काढला होता. तेथे पुढच्या काचेची चौकट बुटकी करून तिच्यावर गादीसारखा भरीव, न मिटणारा, परंतु उचलून काढता येणारा टप बसवीत. म्हणजे मूळ पोलादी टप न कापताही बुटक्या टपाचे सौंदर्य साधण्याची एक रीत फार पूर्वीपासून अस्तित्वात होती.

१९४८ च्या वसंत ऋतूत १९४९ सालची म्हणून बाजारात आलेली मर्क्युरी गाडी या कलेस अत्यंत अनुकूल ठरली. तिचे मडगार्ड बॉडीत मिसळून गेलेले होते; रूप सलग, जड व गोलाकार होते; मात्र त्या भारदस्त देहाच्या मानाने टप उंच होता. सॅम बॅरिसने स्वतःसाठी घेतलेल्या १९४९ च्या मर्क्युरीचा टप उतरविला व १९५१ च्या सुमारास ती गाडी पूर्ण केली. या जातीच्या गाडीवर झालेल्या अगदी आरंभीच्या अशा प्रयोगांत तिची गणना होते. जवळजवळ नव्या गाडीचा टप कापणे हे धाडस होते खरे. पण जे कापले ते दुर्मिळ नव्हते. त्या वर्षी अशा गाड्या सुमारे तीन लाख निघाल्या होत्या. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

या अभिरुचीचा संबंध मोटार-उद्योगाच्या अंतर्गत वादाशीही आहे. जनरल मोटर्सच्या रूपरचना विभागाचा १९२७ पासून प्रमुख असलेला हार्ली अर्ल याने अमेरिकन गाडी लांब व बुटकी करणे हे आपले जीवितकार्य मानले होते. उलटपक्षी, १९३५ ते १९५० या काळात क्राइसलर कंपनीचा अध्यक्ष असलेला के. टी. केलर हा डोक्यावर हॅट ठेवून बसता येईल इतका टप उंच असावा, या मताचा होता. १९४९ च्या क्राइसलर गाड्या त्यामुळे उंच व उभट निघाल्या. त्याच वर्षी ब्यूइक, कॅडिलॅक व ओल्डस्मोबील या गाड्यांचे मधला खांब नसलेले 'हार्डटॉप' प्रकार बाजारात आले. लोकांची पसंती कोणाकडे झुकली, हे पुढील काही वर्षांतच दिसून आले. १९५७ सालच्या गाड्यांसाठी खुद्द क्राइसलरच्या व्हर्जिल एक्सनरनेच अत्यंत बुटकी व पसरट रूपे योजिली. कस्टम कारागिरांनी जी आकृती करवतीने साधली होती, तशीच आकृती आता कारखाना साच्यातून काढू लागला. आणि नव्या गाडीचा टप उतरविण्याचे प्रयोजन साहजिकच क्षीण झाले. या प्रथेचा बहर दीर्घकाळ टिकला नाही, याचे हे एक प्रमुख कारण म्हणावे लागते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. त्या काळी टप उतरविणे हे सर्वांनाच इष्ट वाटत होते, असे नाही. बरबँक येथील 'व्हॅली कस्टम' या कारखान्याचे नील एमरी व क्ले जेन्सन हे कारागीर 'सेक्शन' च्या कामासाठी विख्यात होते. 'पॉलिनेशियन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९५० च्या ओल्डस्मोबीलवर काम करताना त्यांनी बॉडीची जाडी कमी केली, पण टप कापला नाही. बॉडी पातळ झाल्यावर मूळ टप प्रमाणबद्ध दिसतो, हा त्यामागील विचार होता. तेव्हा जुन्या कस्टम गाडीचा टप मूळ उंचीचा असणे म्हणजे काम अर्धवट राहणे, असा अर्थ सरसकट करता येत नाही. न कापणे हाही पुष्कळदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

४. क्रियेचे तंत्र आणि तिची अपरिवर्तनीयता

टप उतरविण्याचे तंत्र थोडक्यात समजून घेतल्यावाचून या निर्णयाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. प्रथम गाडीच्या आतून लोखंडी आधार देऊन दारे व बॉडी जागच्या जागी आवळून धरतात, अन्यथा टप सुटताच बॉडी वाकते. नंतर प्रत्येक खांबावर चिकटपट्टीने दोन रेषा आखून मधला तुकडा कापतात. मॉडेल ए सारख्या गाडीत खांब जवळजवळ उभे असल्याने वरचा भाग खाली आणला की तो बहुतांशी जागेवर बसतो. पुढील काळातील गाड्यांत मात्र खांब कललेले असतात. खांब उभ्या रेषेपासून ३० अंशांनी मागे कललेला असेल आणि टप ४ इंच खाली आणला, तर वरचा व खालचा तुकडा यांत सुमारे सव्वादोन इंचांचे अंतर पडते. पुढे व मागे दोन्हीकडे असेच घडत असल्याने टप लांबीला अपुरा पडतो. मग टपच मधोमध आडवा कापून त्यात पत्र्याची पट्टी घालावी लागते, अथवा खांब मुळाशी कापून अधिक कलवावे लागतात.

जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांपासून आणि फोर्डने १९३७ पासून संपूर्ण पोलादी टप वापरात आणला. तत्पूर्वी टपाचा मधला भाग कापडी आच्छादनाचा असे व तेथे फेरफार करणे सोपे होते. पोलादी टपात प्रत्येक काप वेल्डिंगने सांधावा लागतो. उष्णतेने पत्रा ओढला जातो, फुगतो, आणि तो हातोडीने पुन्हा सरळ करावा लागतो. सांध्यांवर त्या काळी वितळलेल्या शिशाचा भराव देऊन कानशीने घासून सफाई आणीत. त्यावरूनच अशा गाड्यांना 'लेड स्लेड', म्हणजे शिशाची घसरगाडी, असे नाव पडले. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून रासायनिक भरावाचा प्रसार झाला. काचांचे कामही असेच नाजूक आहे. दोन पदरी, मध्ये चिकट थर असलेली काच कापता येते. उष्णतेने कठीण केलेली काच कापू गेल्यास तिचा चुरा होतो.

या तपशिलातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, खांब कापण्याचा एक निर्णय घेतला म्हणजे टप, दारांच्या चौकटी, काचा, बैठक या सर्वांविषयीचे निर्णय त्याच्या मागोमाग येतात. दुसरा, व इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असा की, ही क्रिया उलटविता येत नाही. दुसऱ्या गाडीचा टप आणून उंची पूर्ववत करता येईल. परंतु ती उंची त्या गाडीची असणार नाही.

येथे ग्रंथसंपादनाशी तुलना उद्बोधक ठरेल. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जी पद्धती रूढ केली, तिच्यात प्रक्षिप्त ठरलेला श्लोक मूळ संहितेतून वगळला जात असला, तरी तो तळटीपेत वा परिशिष्टात सुरक्षित राहतो. पुढच्या अभ्यासकास संपादकाचा निर्णय अमान्य करण्याची मुभा असते. पत्रा कापणाऱ्यास अशी तळटीप उपलब्ध नाही. त्याचा निर्णय पुढच्या सर्वांवर कायमचा बंधनकारक होतो.

५. हिरोहाता मर्क्युरीची साक्ष

टप उतरविण्याच्या क्रियेचे ऐतिहासिक मूल्य कालौघात कसे पालटते, याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे 'हिरोहाता मर्क्युरी' होय. मासातो, उर्फ बॉब, हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने आपली १९५१ ची मर्क्युरी बॅरिस बंधूंच्या कारखान्यात दिली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना १९४२ पासून छावण्यांत डांबण्यात आले होते. त्या घटनेस तेव्हा जेमतेम दहा वर्षे लोटली होती. त्या समाजातील एका तरुणाची गाडी कॅलिफोर्नियाच्या तरुणाईचे मानचिन्ह बनावी, हे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या गाडीचा टप पुढे ४ इंच व मागे ७ इंच उतरविण्यात आला, जेणेकरून टपाची रेषा मागच्या बाजूस सलग वाहत जावी. मधला खांब काढून टाकून खिडक्यांना वक्र चौकटी दिल्या, म्हणजे नव्या हार्डटॉप गाड्यांचे वैशिष्ट्य तिच्यात आणले. १९५२ साली लॉस एंजेलिस येथील मोटार-प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. १९५३ मध्ये हिरोहाता ती स्वतः चालवीत इंडियाना राज्यापर्यंत घेऊन गेला, आणि त्या प्रवासाचा वृत्तान्त त्याच वर्षी 'रॉड अँड कस्टम' मासिकात प्रसिद्ध झाला.

पुढे ही गाडी हस्तांतरित होत गेली व तिचे वैभव ओसरले. १९५९ साली जिम मॅक्नील या तरुणाने ती ५०० डॉलरांस विकत घेतली. काही काळ वापरून त्याने ती दीर्घकाळ तशीच ठेवून दिली आणि अनेक वर्षांनी तिचा जीर्णोद्धार केला. आमच्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट येथे आहे. जीर्णोद्धार करताना त्याने गाडीस कोणत्या अवस्थेत परत नेले? १९५१ साली कारखान्यातून बाहेर पडली त्या अवस्थेत नव्हे, तर बॅरिस बंधूंच्या हातून बाहेर पडली त्या अवस्थेत. कापलेला टप हेच तिचे मूळ रूप ठरले. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिचा समावेश झाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या लिलावात तिला वीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

आज कोणी त्या गाडीस उंच टप बसवून तिला 'मूळ मर्क्युरी' करू म्हटले, तर ते विध्वंसक ठरेल. यावरून हे सिद्ध होते की, ऐतिहासिक मूळ हे नेहमीच सर्वांत जुन्या अवस्थेत असते, असे नाही. ज्या अवस्थेत वस्तूने इतिहासात भाग घेतला, ती तिची साक्षीची अवस्था होय.

हाच न्याय उलट दिशेनेही लावला पाहिजे. १९५५ च्या 'रेबेल विदाउट अ कॉज' या चित्रपटात जेम्स डीन याने चालविलेली १९४९ ची मर्क्युरी आज नेवाडा राज्यातील रीनो येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे. तिच्यात बदल सौम्य आहेत आणि टप मूळ उंचीचा आहे. कस्टम कलेच्या कसोटीने पाहणारा एखादा जाणकार म्हणेल की, टप चार इंच खाली आणला असता तर ती अधिक डौलदार दिसली असती. तसे म्हणण्यात रसिकतेची चूक नाही. पण तसे करण्यात इतिहासाचा घात आहे. त्या गाडीची साक्ष उंच टपासहच पूर्ण आहे.

६. आजचा निर्णय

प्रसिद्ध गाड्यांविषयी असा निवाडा करणे सोपे आहे. अवघड प्रश्न अप्रसिद्ध गाड्यांचा आहे. कारण ज्या तरुणांनी मागच्या अंगणात वा छोट्या दुरुस्तीच्या दुकानात आपल्या गाड्या पालटल्या, त्यांनी लिखित साधने फारशी मागे ठेवली नाहीत. बॅरिस बंधूंच्या कामाची छायाचित्रे मासिकांत आली. सामान्य तरुणाचे काम केवळ त्याच्या गाडीच्या पत्र्यावर लिहिलेले राहिले. वेल्डिंगचा सांधा, शिशाचा थर, आतून दिसणारे हातोडीचे घाव, कोठून तरी आणून बसविलेला दिवा, यांवरून त्या तरुणाचे कौशल्य, त्याची ऐपत आणि त्याचे अनुकरणाचे आदर्श वाचता येतात. ते काम ओबडधोबड असले तरी साक्ष म्हणून कमी दर्जाचे ठरत नाही. नवा मालक जेव्हा 'अपुरे राहिलेले काम पुरे करतो', तेव्हा तो वस्तुतः एका अज्ञात लेखकाच्या एकमेव हस्तलिखितावर आपले शुद्धलेखन चढवीत असतो.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनद या बाबतीत मार्गदर्शक आहे. वाहनाच्या आयुष्यक्रमात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे पुरावे होत. वाहन नव्यासारखे दिसावे हा जतनाचा हेतू नव्हे. आणि जे नवे फेरफार अपरिहार्य असतील त्यांची नोंद ठेवावी, असा तिचा सामान्य रोख आहे. कस्टम व हॉट रॉड गाड्यांना वारसा म्हणून मान्यता मिळण्याची प्रक्रिया तत्पूर्वीच सुरू झाली होती. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रतिष्ठित प्रदर्शनात १९९७ साली हॉट रॉड गाड्यांचा स्वतंत्र वर्ग प्रथम ठेवण्यात आला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. कस्टम कला ही मुळातच कापण्याची कला होय. सॅम बॅरिसने आपल्या जवळजवळ नव्या मर्क्युरीसमोर उभे राहून जतनाचा विचार केला असता, तर ही परंपराच जन्मली नसती. मग तिच्या वारसांनी गाडीस हात लावू नये असे म्हणणे, हे परंपरेचे रक्षण की तिची मूठमाती?

या आक्षेपास उत्तर असे की, सॅम बॅरिसने जी वस्तू कापली, ती विपुल होती व तिच्या मागे कोणतीही साक्ष नव्हती. आज १९५५ सालच्या हातांची छाप घेऊन आलेली, न कापलेल्या टपाची गाडी ही तशी वस्तू नव्हे. बॅरिसचे खरे अनुकरण करावयाचे, तर त्याने जशी वस्तू निवडली तशी निवडली पाहिजे. टप उतरविण्याची कला जिवंत ठेवण्यास द्रव्याची वाण नाही. ज्यांचे पूर्वायुष्य पुसले गेले आहे असे गंजलेले सांगाडे आहेत. १९३२ च्या फोर्डच्या तर नव्याने घडविलेल्या पोलादी बॉड्या बाजारात मिळतात. अशा द्रव्यावर केलेले काम हे पुढच्या पिढीसाठी आपल्या काळाचे साधन होईल. त्यात कोणाची साक्ष पुसली जाणार नाही.

तेव्हा निर्णयापूर्वी मालकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. पहिला : या गाडीवर कोणत्या काळाचा व कोणाचा हात दिसतो? जुने परवाने, छायाचित्रे व पत्र्याखालचे थर तपासल्यावाचून याचे उत्तर देता येत नाही. दुसरा : टप मूळ उंचीचा राहिला तो निर्णयाने, की केवळ प्रसंगाने? बॉडीचे अन्य काम उंच टपाशी प्रमाण साधून केलेले असेल, तर तो निर्णय समजावा. तिसरा : आपली इच्छा दुसऱ्या द्रव्यावर पुरी होऊ शकते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कोणाचाच हात दिसत नाही' असे आले आणि त्या जातीच्या अविकृत गाड्या पुरेशा शिल्लक असल्या, तर टप उतरविण्यास इतिहासाची हरकत असू नये. मात्र त्यापूर्वी सर्व मापे व छायाचित्रे घ्यावीत, कापलेले तुकडे दिनांक घालून जपून ठेवावेत आणि कामाचा वृत्तान्त गाडीबरोबर राहील अशी तजवीज करावी. अपरिवर्तनीय क्रियेस तळटीप जोडण्याचा एवढाच मार्ग उपलब्ध आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. टप उतरविण्याची प्रथा वेगाच्या गरजेतून व रूपाच्या ओढीतून वाढली. कारखान्यांनी तेच रूप आत्मसात केल्यावर तिचे तत्कालीन प्रयोजन संपले. आणि नंतर तीच कापलेली गाडी वारसा म्हणून मान्य झाली. या तिन्ही अवस्थांत करवत तीच होती. फरक पडला तो तिच्याखाली येणाऱ्या वस्तूच्या दुर्मिळतेत आणि त्या वस्तूने साठविलेल्या साक्षीत. म्हणून 'कापणे योग्य' किंवा 'न कापणे योग्य' असा सार्वत्रिक नियम बांधणे अनैतिहासिक ठरेल. कापलेला टप ज्या गाडीचा इतिहास आहे, तिचा टप उंच करू नये. आणि उंच टप ज्या गाडीचा इतिहास आहे, तिचा तो उतरवू नये. प्रस्तुत निबंधाच्या आरंभी कल्पिलेली गाडी दुसऱ्या वर्गात मोडते. तिच्यावर पन्नासच्या दशकातील एका तरुणाचा हात स्पष्ट दिसतो, आणि त्या तरुणाने टप आहे तसा ठेवला. तो त्याने हेतुपुरस्सर ठेवला की पैशाअभावी, हे निश्चित सांगता आले नाही, तरी त्याच्या कामाची दुसरी प्रत कोठेही नाही. तिच्या नव्या मालकाने टप तसाच राहू द्यावा आणि आपल्या हौसेसाठी दुसरा सांगाडा शोधावा, असाच निर्णय या पुराव्यावरून द्यावा लागतो.